दोन नर गिनीपिग भांडायलेत? वेगळं करा, पण एकटं पाडू नका

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत नेटवर्क जातंय म्हणून हे वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळं ठरला. लातूरच्या एका श्रोतीनं पाठवलाय. बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. ती म्हणते, "दादा, माझ्या लहान भावाचे दोन गिनीपिग आहेत. दोन्ही नर. चार महिने गुण्यागोविंदानं राहिले, आता रोज भांडायलेत. काल एकाच्या कानातून रक्त आलं. आई म्हणायली, एकाला गच्चीवर नेऊन ठेव. भाऊ रडायलाय. काय करू?"

हा मेसेज मी तीन वेळा ऐकला. कारण "एकाला बाहेर नेऊन ठेव" हा उपाय मी स्वतः केलेला आहे. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिकडं रक्त आलंय आणि इकडं मी प्रस्तावना करत बसणं बरं नाही.

रक्त आलंय, आत्ता काय करायचं?

पहिली गोष्ट, हात घालू नका. दोघं एकमेकांत गुंतून गोल गोल लोळत असतील तर मध्ये आलेलं बोट त्यांना बोट म्हणून दिसत नाही. गिनीपिगचे पुढचे दात उंदरासारखे आयुष्यभर वाढणारे आणि धारदार असतात. चावा खोल जातो.

मग काय वापरायचं? जाड टॉवेल दोघांवर टाका. अंधार झाला की क्षणभर दोघं थांबतात. तेवढ्यात मध्ये पुठ्ठा किंवा केर भरायची सुपली सरकवा. एकाला टॉवेलसकट उचला. ओरडू नका, पाणी मारू नका. घाबरलेलं जनावर आणखी चावतं.

दुसरी गोष्ट, दोघांनाही तपासा. आपण रक्त आलेल्याकडं बघतो आणि दुसऱ्याला विसरतो. केस बाजूला करून बघा: कान, नाक, ओठ, पाठ, पार्श्वभाग आणि लिंगाजवळचा भाग. चाव्याचं भोक बाहेरून मोहरीएवढं दिसतं, आत खोल असतं. वरून कातडी बुजते, आत पू होतो आणि काही दिवसांनी तिथं गाठ येते. म्हणून जखम आज बरी दिसली तरी पुढचे दहा-पंधरा दिवस रोज हात फिरवून बघायचं.

जखम सलाइननं धुवा. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची छोटी बाटली मिळते. हळद भरू नका. हळदीनं जखम झाकली जाते, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि तो ती चाटणारच. डेटॉलही नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून हळू सांगतो. घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. लहान मुलाचं उरलेलं गोड सिरप, अर्धी गोळी कुस्करून, असलं काही नको. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही आपल्यासाठी रोजची औषधं. गिनीपिगच्या तोंडातून गेली तर ती जीव घेऊ शकतात. त्याच्या पोटात गवत पचवणारे जिवाणू असतात. हे औषध त्यांनाच मारतं, त्यांच्या जागी घातक जिवाणू वाढतात, त्यांचं विष तयार होतं आणि काही दिवसांत जनावर जातं. जखमेनं नाही, औषधानं. गिनीपिगला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता डॉक्टर कुठं? आपल्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी हे रोजचं काम. गिनीपिग कमी येतात. म्हणून आधी फोन करून विचारा, "गिनीपिग बघता का?" लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि नांदेडच्या शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या माफसू विद्यापीठाची. जवळ कुणी सापडलं नाही तर तिथं चौकशी करा.

आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा. भांडणानंतर गिनीपिगनं खाणं सोडलं तर "उद्या बघू" करायचं नाही. त्याचं पोट सतत चालू लागतं. बारा तास काही खाल्लं नाही म्हणजे डॉक्टरकडं जायची वेळ झाली.

हे भांडण आहे की नुसता रुबाब?

बरेच जण उलटी चूक करतात. जरा आवाज झाला की वेगळं करतात, आणि खरं भांडण होतं तेव्हा "खेळायलेत" म्हणतात. फरक ओळखायला शिकू.

नर गिनीपिग घर्रर्र असा आवाज काढत, कंबर डोलवत, संथ पावलं टाकत दुसऱ्याभोवती फिरतो. फोन व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा आवाज. हा रुबाब आहे. एकमेकांचा मागचा भाग हुंगणं, पाठीवर चढणं, खाताना ढकलणं, पाठलाग करणं, हेही तसंच. कोण मोठा, कोण धाकटा हे ठरवायची ही त्यांची पद्धत. एकजण मान खाली घालून बाजूला होतो, विषय संपतो. यात पडू नका. तुम्ही मध्ये पडलात तर ठरायचं राहतं आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दात कटकट वाजवणं, मानेवरचे केस उभे राहणं, जांभई दिल्यासारखं तोंड उघडून दात दाखवणं, दोघांनी समोरासमोर नाक वर वर करत उभं राहणं. इथं टॉवेल हातात घ्या. यातून माघार झाली तर ठीक.

झेप घेऊन चावणं, दोघांचा मिळून एक गोळा होऊन लोळणं, रक्त येणं, हे खरं भांडण. इथं थांबायचं नाही, वेगळं करायचं.

आणखी एक प्रकार आहे, तो आवाजच करत नाही. एकजण दिवसभर कोपऱ्यात बसून असतो. दुसरा त्याला गवताकडं, पाण्याकडं येऊ देत नाही. रक्त नाही, जखम नाही, पण वजन उतरत जातं. यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. आठवड्यातून एकदा दोघांचं वजन करून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मोठा नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं दर आठवड्याला उतरतंय, म्हणजे तिथं दादागिरी चाललीय.

चार महिने नीट होते, मग आताच काय झालं?

ताईचा खरा प्रश्न हा होता. याचं उत्तर वयात आहे. गिनीपिगचा नर तीन आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ देण्याइतका मोठा होऊ शकतो. तिसऱ्या महिन्यापासून वर्षभराच्या आसपासपर्यंत त्याचं पौगंड चालतं. दुकानातून आणलेली दोन पिल्लं म्हणजे दोन लहान भावंडं असतात. चार-पाच महिन्यांनी तीच दोन तरणीताठी होतात.

पण सगळेच नर असे भांडतात का? नाही, आणि इथं विज्ञान फार छान आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साख्सर या शास्त्रज्ञानं गिनीपिगच्या वागण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या गटानं काही नर मोठ्या कळपात, वयानं मोठ्या नरांसोबत वाढवले. काही नर एकटे किंवा फक्त एका मादीसोबत वाढवले. मग अनोळखी नर समोरासमोर आणले. कळपात वाढलेल्यांनी थोडा रुबाब करून आपापली जागा ठरवली, मोठी भांडणं झाली नाहीत. एकटे वाढलेले मात्र एकमेकांवर तुटून पडले. हरलेल्याच्या शरीरात ताणाचं हार्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, खूप वाढलं आणि वजन उतरलं.

म्हणजे माघार कशी घ्यायची हे पोटातून येत नाही. ते शिकावं लागतं, आणि वयात येताना वडीलधाऱ्या नरांकडून शिकावं लागतं. आपल्याकडं नवा गोऱ्हा जुंपताना जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात ना, तसंच. दुकानातून आणलेल्या दोन पिल्लांकडं असा जाणता कुणी नसतो. दोघंही नवखे, आणि जागा शू-रॅकएवढी. भांडण होणारच.

म्हणून "हा दुष्ट आहे, तो गरीब आहे" असं भावाला सांगू नका. नांदेडच्या लालकंधारीचे किंवा लातूरच्या देवणीचे दोन वळू कुणी एका दावणीला बांधत नाही. उस्मानाबादी शेळ्या पाळणारेही मोठे बोकड एका खणात ठेवत नाहीत. त्यांना कुणी वाईट म्हणत नाही, जागा करून देतात. तेच इथं करायचं.

भांडण वाढवणाऱ्या आणखी गोष्टी सांगतो, आपापल्या घरी तपासून बघा:

एक, जवळपास मादी आहे का? तिच्या वासानंही नर भांडतात. दोन, गवताचा ढीग, पाण्याची बाटली, लपायची जागा एकच आहे का? सगळं दोन-दोन पाहिजे, आणि लांब-लांब. तीन, लपायच्या खोक्याला एकच दार आहे का? एक दार म्हणजे सापळा. आत अडकलेला शेवटी चावतोच. चार, कुणी आजारी आहे का? गिनीपिगच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडलं की सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत आणि स्वभाव चिडका होतो. रोज थोडी शिमला मिरची, कोथिंबीर द्या. पाच, नर तीन आहेत का? दोघांचं जमू शकतं, तिघांचं फार अवघड.

वेगळं म्हणजे किती वेगळं?

आता माझी गोष्ट. माझ्याकडं दोन होते, सर्जा आणि राजा. नावं आजोबांनी ठेवलेली, त्यांच्या बैलजोडीची. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर भांडायला लागले. एप्रिलमध्ये एका सकाळी राजाची पाठ फाटली. मी रागावून सर्जाला उचललं, खोक्यात घातलं आणि गॅलरीत ठेवलं. सावली होती, पाणी ठेवलं होतं, कोथिंबीर ठेवली होती. मग कॉलेजला गेलो. दुपारी ऊन फिरलं. चारला आलो तर सर्जा आडवा पसरलेला, तोंडाला लाळ, श्वास भरभर. ओलं फडकं लावलं, रिक्षा बघितली, पण दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

जखम राजाला झाली होती. गेला सर्जा. भांडणानं नाही, मी त्याला जिथं ठेवलं त्या जागेनं.

हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड भागातले. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी ते पाळायला सुरुवात केली. साधारण १८ ते २४ अंश हे त्यांचं सुखाचं तापमान. ३० च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका. त्यांना घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करताही येत नाही. आणि आपला नांदेड-लातूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, ४० च्या पुढं. गच्ची, गॅलरी, पत्र्याची खोली, जिन्याखालची बंद जागा, यातलं काहीही चालणार नाही. गच्चीवर मांजर आणि कावळे असतात ते वेगळंच.

म्हणून ताई, आईला सांग: वेगळं करायचं, पण त्याच खोलीत.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जाळीची भिंत. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक चौकोनाची जाळी आणा. पिंजऱ्याच्या किंवा खोलीतल्या कुंपणाच्या मधोमध उभी करा आणि केबल टायनं पक्की बांधा. भोकं इतकी लहान हवीत की नाक बाहेर येणार नाही. नाकाला चावे घेत असतील तर दोन जाळ्या लावून मध्ये चार बोटं अंतर सोडा. वरून उडी मारता येणार नाही एवढी उंची ठेवा. प्रत्येकाच्या बाजूला स्वतःचं गवत, पाणी, लपायची जागा.

जाळीच का, भिंत का नको? कारण गिनीपिग कळपातला प्राणी आहे. वास, आवाज, शेजारी कुणीतरी असणं, ही त्याची गरज आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार गिनीपिग एकटा पाळता येत नाही, त्याला सोबत द्यावीच लागते. एकत्र ठेवलं तर जीव घेतील आणि एकटं ठेवलं तर झुरतील, अशा दोघांसाठी जाळी हा मधला मार्ग आहे. माझ्या एका मित्राचे दोन नर अशाच जाळीच्या दोन बाजूंना राहतात. दुपारी दोघं जाळीला पाठ टेकवून झोपतात.

जागा किती? दोघांना मिळून निदान एक चौरस मीटर, जास्त असेल तर उत्तम. दुकानातला छोटा रंगीत पिंजरा यात बसत नाही, हे आधीच सांगतो. खोलीचा एक कोपरा, खाली जुनी चादर, भोवती जाळी, हे स्वस्तही पडतं.

उन्हाळ्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून प्रत्येकाच्या बाजूला ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा, कडा घासून, पालथा ठेवला तर चांगलं थंड घर होतं. लाइट गेली की त्यांना घरातल्या खालच्या, अंधाऱ्या खोलीत हलवा.

पुन्हा एकत्र आणायचं का?

रक्त आलं नसेल, नुसती तणातणी असेल, तर प्रयत्न करायला हरकत नाही. काही दिवस जाळीआड राहू द्या. मग दोघांनाही नवीन असलेल्या जागी आणा, म्हणजे मधल्या खोलीतली मोकळी फरशी, खाली चादर. दोघांचाही तिथं हक्क नको. मध्ये गवताचा मोठा ढीग टाका. खोके ठेवायचेच तर दोन दारांचे. टॉवेल हाताशी. तासभर तरी शेजारी बसा, मोबाईल बाजूला ठेवून. घर्रर्र करत फिरले, चढले, पाठलाग केला, तर बघत राहा. गोळा होऊन लोळले तर थांबवा.

जखमा खोल झाल्या असतील, किंवा दोनदा प्रयत्न करूनही रक्त आलं असेल, तर हट्ट सोडा. दोघांची पटत नाही, विषय संपला. जाळी कायमची. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. तेवढी वर्षं रोज भीतीत काढण्यापेक्षा शेजारी म्हणून राहिलेलं बरं.

लोक तीन सल्ले हमखास देतात, त्यांची उत्तरं झटपट देतो.

"एक मादी आणा, शांत होतील." उलट होतं. भांडण वाढतं, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं. व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मग मोजत बसा.

"खच्चीकरण करा." बैल शांत होतो म्हणून हेही होतील असं नाही. दोन नरांचं भांडण त्यानं थांबेलच याची खात्री नसते. खच्चीकरणाचा खरा उपयोग वेगळा आहे, तो नर मग मादीसोबत राहू शकतो. पण शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे थांबावं लागतं, कारण तोपर्यंत पिल्लं होण्याची शक्यता उरते. आणि लहान प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव असलेलाच डॉक्टर पाहिजे.

"एकाला शेतात सोडून द्या." कृपा करून हे करू नका. याला बीळ खणता येत नाही, झाडावर चढता येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही. ते सोडणं नाही, मारणं आहे. खरंच सांभाळणं जमत नसेल तर ओळखीतलं, जागा असलेलं घर शोधा आणि नर आहे हे स्पष्ट सांगून द्या.

आणि ज्यांनी अजून आणलेच नाहीत त्यांना एक सल्ला. दुकानात "जोडी आहे" म्हणतात तेव्हा जोडी म्हणजे काय ते विचारा. पिल्लू लहान असताना नर-मादी ओळखणं चुकतं. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घ्या. २०१८ च्या केंद्राच्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी बंधनकारक आहे, तेही विचारा. आणि दोन नर घ्यायचे ठरवलं तर पिंजऱ्याआधी जाळीचे पैसे बाजूला ठेवा.

जाता जाता

ताईला मी मेसेज करून हे सगळं आधीच कळवलंय. काल तिचा फोटो आला. भावानं अभ्यासाच्या टेबलाखाली कुंपण केलंय, मध्ये जाळी. एका बाजूला पाटी लावलीय "१ नंबर", दुसऱ्या बाजूला "हा पण १ नंबर". कानाची जखम सुकायलीय, वजन रोज वहीत लिहायलाय. आईनं गच्चीचं नाव काढलेलं नाही.

तुमच्या घरीही अशी भांडणं चालली असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. वजन, वय आणि जागा किती आहे ते नक्की सांगा, म्हणजे नीट बोलता येईल. आणि ज्याच्या घरी दोन नर आहेत त्याला हा भाग आजच पाठवा, ऊन वाढायच्या आत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना भरून ठेवा.